खोक्यावरचा आकडा

कूपर क्रीक, वायोमिंग
६ मार्च २०११

डेल,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर पोरीकडून वाचून घे.

हसू नकोस. मी लांब पल्ल्याची रायफल करतोय. हो, मीच. चाळीस वर्षं जो सगळ्यांना सांगत आला की तीनशे यार्डांपलीकडे चाप ओढणारा शिकारी नसतो, आळशी असतो, तोच मी. गुडघे गेले रे. गेल्या हंगामात लोर्ना टीगच्या रँचवर घळीच्या या काठाला बसलो होतो. पलीकडच्या काठाला सहा एल्क हरणं चरत होती, त्यात दोन मोठे नर. आपण दोघं खाली उतरून वर चढायचो तेव्हा पाऊण तास लागायचा. या खेपेला मी घळीच्या तळाशी जाऊन बसलो तो बसलोच. वर बघितलं तर काठ रिकामा. अख्खा हिवाळा दुकानातलं मांस खाल्लं. चव म्हणजे ओला पुठ्ठा.

तयार रायफल घ्यायची तर चार हजार डॉलर. तेवढ्यात मी ट्रक घेतला होता. मी हजाराच्या आत बसवणार. गहाणवटीच्या दुकानात एक जुनी तीनशे मॅग्नम बघून ठेवलीय. लाकूड फुटलंय, नळी गंजलीय, पण काडतूस बसतं तो मधला भाग ठणठणीत आहे. त्यावर बाकीचं जमवेन. तू रस्तेखात्यात जन्मभर मोजण्या केल्यास, तुला आकड्यांचं वेड. पैसा कुठं घालू आणि कुठं नको ते चार ओळींत सांग. पुराण नको.

व्हर्लिन


सेलम, ओरेगन
१९ मार्च २०११

व्हर्लिनबुवा,

हसू नकोस म्हणालास, म्हणून आधी पोटभर हसून घेतलं आणि मग लिहायला बसलो.

निम्मा पैसा दुर्बिणीवर घाल. तिथं कंजूषपणा केलास तर मला पत्र लिहू नकोस. दस्ता कसलाही चालेल, देखणा नको. नळी सरळ असली की झालं, नवी-जुनी बघू नकोस. उरलेल्या पैशांची काडतुसं घे आणि उन्हाळाभर उडव.

आता पाचवी ओळ. एक काम फुकटात होतं आणि नेमकं तेच तू करणार नाहीस. गोळीचा वेग मोज. लांबच्या नेमाला दुर्बिणीची चकती किती फिरवायची हे त्या वेगावर ठरतं. खोक्यावर छापलेला वेग कारखान्याच्या लांब नळीचा असतो, तुझ्या नळीचा नाही. माझं वेग मोजायचं यंत्र इथं माळ्यावर पडलंय, ते पार्सलनं पाठवतो. तिकाटण्यावर ठेवायचं, वरून गोळी मारायची, आकडा दिसतो. यात काही फाफटपसारा नाही. नाक मुरडू नकोस.

माझी कंबर आता लाकडाची झालीय. जावई म्हणतो, ऑपरेशन करा. बघू.

तुझा डेल


कूपर क्रीक
२९ मे २०११

डेल,

काम झालं. ऐक.

एकाकडे नवी नळी मिळाली. त्याच्या हातून पडून तोंड चेपलेलं, म्हणून निम्म्या किमतीत दिली. लेथवाल्या हॅस्केलनं चेपलेल्या बाजूनं चार इंच कापून टाकली. बावीस इंच राहिली. आखूड बरी, झुडपात अडकत नाही. दुर्बीण तू म्हणालास तशी चांगली घेतली, सेकंडहँड. नोटा दोनदा मोजल्या, पण दिले पैसे.

दस्त्याच्या खाचेत चिकटा भरून त्यावर लोखंड बसवतात ना, ते स्वयंपाकघराच्या टेबलावर केलं. लोखंडाला आधी बूटपॉलिश फासायचं असतं, म्हणजे ते चिकटत नाही. मी फासलं, एक कोपरा राहिला. झालं! रायफल दस्त्याला जी बसली ती लग्न लागल्यासारखी. हॅस्केल म्हणाला, ‘फ्रीजरमध्ये टाक.’ दोन दिवस वाटाण्याच्या पिशव्यांशेजारी झोपवली, मग रबरी हातोड्याच्या तीन ठोक्यांत सुटली. घरात बाई असती तर हाकलून दिलं असतं मला.

तुझं यंत्र आलं.

नेमबाजीच्या रेंजवर रूबेन आर्चुलेटा भेटला. तू ओरेगनला गेल्यावर इथं आलेला. साखर कारखान्यात कामाला आहे, लोर्ना तीन वर्षं त्यालाही रानात येऊ देते. त्याचीही तीनशे मॅग्नम. प्रत्येक गोळीनंतर वहीत लिहितो. वारा किती, ऊन किती, गोळी कुठं लागली. मी म्हटलं, ‘काय रे, शिकारीला जायचंय का परीक्षेला?’ हसला. म्हणाला, ‘काका, घरात पाच तोंडं आहेत आणि वर्षाला सरकारी टॅग एकच मिळतो, म्हणजे जनावर एकच. मला नापास होऊन चालत नाही.’ पोरगा बरा आहे. फार लिहितो, एवढंच.

व्हर्लिन


कूपर क्रीक
२१ ऑगस्ट २०११

डेल,

तीनशे यार्डांवर पाच गोळ्या, पाचही तळहाताखाली झाकल्या जातील अशा. रूबेननं वाकून बघितलं आणि शीळ घातली. आपली रेंज तीनशेवर संपते, पुढचं छापील तक्त्यात वेग बघून बसवलं. सहाशेला चकती किती फिरवायची ते दस्त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय.

वेग मोज म्हणाला होतास. सेकंदाला २९६० फूट.

व्हर्लिन


सेलम
४ सप्टेंबर २०११

व्हर्लिन,

तू यंत्र उघडलंस हे वाचून मी पोरीला म्हटलं, आता जग बुडणार, पीठमीठ भरून ठेव.

बावीस इंचांतून २९६० म्हणजे नळी झकास लागली म्हणायची. नशीबवान आहेस.

माझं ऑपरेशन बारा तारखेला. आठवडाभर पडून असेन, मग चालायचं शिकवणार आहेत, तान्ह्या पोरासारखं. हंगामाचं सगळं लिही. काहीही गाळू नकोस. मला इथं खिडकीतून शेजाऱ्याची गवत कापायची गाडी दिसते, बाकी काही दिसत नाही.

डेल


कूपर क्रीक
२४ ऑक्टोबर २०११

डेल,

नर मिळाला. शिंगांना पाच फाटी. दोनशे यार्डांवर, एका गोळीत. मांस पुडक्यांत बांधून फ्रीजरमध्ये ठेवलंय. बर्फ लवकर पडलं.

तुझी कंबर कशी आहे?

व्हर्लिन


सेलम
३ नोव्हेंबर २०११

व्हर्लिन,

कंबर बरी आहे. काठी घेऊन नळापर्यंत जातो. पण हे काय पत्र म्हणायचं? वाण्याची यादीसुद्धा याहून लांब असते. साधा ससा मारलास तरी मला तीन पानं वाचावी लागायची. तो कुठून आला, वारा कुठला होता, तू कसा ओणवा झालास, तो कसा थबकला. आणि सहाशेसाठी वर्षभर रायफल घडवून जनावर दोनशेवर आलं, तरी एक शिवी नाही?

तब्येत ठीक आहे ना? खरं सांग.

डेल


कूपर क्रीक
१९ नोव्हेंबर २०११

डेल,

तब्येतीला काही झालेलं नाही. लिहायला काही नव्हतं.

आता आहे. ऑक्टोबरच्या शेवटी लोर्नाला पलीकडच्या काठावर मेलेला नर सापडला. सहा फाटींचा. कावळे जमले म्हणून ती बघायला गेली. गोळी खाली लागलेली, पुढच्या पायाच्या वर, छातीच्या तळाला. तिथं लागली की लवकर मरत नाही. बराच चाललेला दिसत होता. मांस सगळं नासलेलं. तिनं सुरी घालून गोळी काढली. तीनशे मॅग्नमची.

पंधरा तारखेला, शनिवारी, तिनं दुपारी लांबून एक बार ऐकला होता, आणि त्याच दिवशी रूबेनचा ट्रक कुंपणापाशी उभा दिसला होता. रूबेन म्हणतो, मी पंधराला बंदूक उडवलीच नाही. पण लोर्नाचं मत झालं ते झालं. त्याच्याकडची फाटकाची किल्ली काढून घेतली. हंगामाचे अठरा दिवस बाकी होते. टॅग तसाच राहिला त्याचा. या दिवसांत दुसऱ्या कुणाच्या रानात कोण शिरू देणार त्याला?

लोर्नानं मलाही विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

इथं थंडी कडक आहे.

व्हर्लिन


सेलम
२८ नोव्हेंबर २०११

व्हर्लिन,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितोय.

जावयाकडे काडतुसांचं तेच खोकं आहे. काल सहज हातात घेतलं. बाजूला छापलंय, वेग २९६०. मी ते यंत्र बारा वर्षं वापरलं. ओळीनं पाच गोळ्या मार, पाच वेगवेगळे आकडे येतात. आणि खोक्यावरचा आकडा तर कुणाच्याच नळीतून येत नाही, त्यात तू चार इंच कापलेली. तुझा वेग दीडशे फुटांनी तरी कमी असणार. तीनशे यार्डांवर ते कळतसुद्धा नाही. सहाशेवर गोळी फूटभर खाली जाते.

फूटभर खाली म्हणजे कुठं, ते तू मागच्या पत्रात स्वतःच्या हातानं लिहिलंयस. पुढच्या पायाच्या वर, छातीच्या तळाला.

यंत्राबद्दल ऑगस्टमध्ये मला कळायला हवं होतं. तू उघडलंस या आनंदात मी आकड्याकडे नीट बघितलंच नाही. तेवढं माझंही चुकलं.

अठ्ठ्याऐंशी साल आठवतंय? माझ्या हातून मादी जखमी झाली आणि सापडली नाही. दोन दिवस आपण दोघांनी रान पालथं घातलं. मग तू म्हणालास, ‘डेल, सुरी काढ आणि टॅग काप. तुझी शिकार झाली.’ मी म्हटलं, अरे, कायद्यात असं कुठं आहे? तू म्हणालास, ‘कायद्यात नसेल, आपल्यात आहे.’ मी कापला. मग तू ते गुत्त्यात सगळ्यांना सांगितलंस आणि दोन वर्षं मला कुणी जेवणावळीत मांस वाढताना हसल्याशिवाय राहिलं नाही. मी रागावलो होतो, पण तू बरोबर होतास, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या माणसाच्या घरात पाच तोंडं आहेत, हे तूच मला लिहिलंस.

डेल


कूपर क्रीक
२ डिसेंबर २०११

तुझं यंत्र परत पाठवतोय. पार्सलची पट्टीसुद्धा फाडलेली नाही, बघून घे. यापुढे लिहू नकोस.

व्ही.


कूपर क्रीक
१२ डिसेंबर २०११

डेल,

हे पोरीला वाचायला देऊ नकोस. चष्मा लाव आणि तूच वाच.

मीच तो. पंधराला दुपारी नर पलीकडच्या काठावर आडवा उभा होता. अंतर मोजलं, सहाशे बारा. चिकटपट्टीवर बघून चकती फिरवली. वारा नव्हता. चाप इतका हळू ओढला की बार झाल्यावर मीच दचकलो. नर पाठ वाकवून उभा राहिला, मग लंगडत झाडांत गेला. पलीकडे पोचायला मला दीड तास लागला. गवतावर रक्त होतं, पण थोडं, आणि काळपट. मागावर गेलो. शोधला. खूप शोधला. बर्फ पडायला लागलं आणि माग पुसला. नंतर दुसरा नर दिसला, दोनशेवर, तो मारला. टॅग त्याला बांधला. लोर्नाला पहिला सापडला तो मी शोध सोडला होता तिथून तीनशे पावलांवर.

तुला लिहिलं की लोर्नाला म्हटलं, मला काय माहीत. तसं म्हटलं नव्हतं. तिनं विचारलं, ‘व्हर्लिन, तुला काय वाटतं, रूबेनच असेल का?’ मी म्हटलं, ‘हल्लीची पोरं लांबून मारतात.’ एवढंच. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. चाळीस वर्षं मी जे बोलत आलो त्याच्यामुळे तिला ते लगेच पटलं. माझ्यावर तर तिला संशय यायचा प्रश्नच नव्हता.

तुझं यंत्र पोस्टात टाकून आलो आणि चार दिवस घरात बसून तुला शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी शिव्या संपल्या. परवा लोर्नाकडे गेलो.

ती गुरांच्या कुंडातला बर्फ कुऱ्हाडीनं फोडत होती. मी सांगायला लागलो. तिनं फोडणं थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर कुऱ्हाड काठावर ठेवली.

‘मी तुझ्या तोंडाकडे बघून त्या माणसाला हाकललं, व्हर्लिन.’

‘हो.’

‘तेव्हा तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘किल्ली दे.’

दिली. तिनं हातमोजा काढून घेतली, खिशात टाकली.

‘त्याला मी सांगू का तू?’

‘मी.’

‘फोनवर नाही. घरी जा.’ मग पुन्हा कुऱ्हाड उचलली. ‘आणि रायफल विकायची असेल तर माझ्या ओळखीच्या कुणाला विकू नकोस.’

तिथून घरी आलो आणि सगळं मांस ट्रकमध्ये भरलं. नऊ खोकी. रूबेनचं घर कारखान्यामागच्या गल्लीत आहे. दार त्यानंच उघडलं. कामावरून नुकताच आला होता, बूट काढलेले, पायात एकच मोजा. मी पायरीवर उभा राहूनच सांगितलं. लोर्नाला सांगितलं तेवढंच. गोळी माझी होती, तुझं नाव गेलं ते माझ्यामुळे, मांस आणलंय.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, ‘मांस राहू दे गाडीत. आत या.’

‘नको रे, बाहेरच बरा आहे मी.’

‘काका, आत या म्हटलं ना! माझी बायको आत आहे. तिला सांगा.’

‘तू सांग ना.’

‘मी सहा आठवडे सांगतोय.’ आवाज चढवला नाही त्यानं. ‘ती म्हणते, तुम्ही म्हणताय तर नसेल केलं. असं म्हणते. कळतंय का तुम्हाला? नसेल केलं, असं.’

आत गेलो. त्याची बायको, ओफेलिया, ओट्यापाशी कणीस सोलत होती. तीन मुलं आणि त्याची आई टेबलाला बसली होती. मी टोपी काढली आणि परत पहिल्यापासून सांगितलं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हातारीला आपली भाषा येत नाही, धाकटी पोर तिला वाक्यावाक्याला सांगत होती. म्हणजे मी प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकली.

ओफेलिया माझ्याकडे बघत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघेना. जाऊन नळाखाली हात धुवायला लागला, आणि धूतच राहिला.

मग ती मला म्हणाली, ‘सगळं आणलंय?’

‘सगळं.’

‘उतरवा मग. पोरांना खायचंय. बसा मात्र म्हणणार नाही मी.’

एकेक खोकं आणलं. मागच्या पडवीत त्यांचा फ्रीजर आहे. रूबेन दार धरून उभा राहिला, खोक्याला हात लावला नाही. ओफेलिया पुडकी काढून रचत होती. कागदावर मी नेहमी कोणता तुकडा आणि जनावर मारलं ती तारीख लिहितो, तुला माहीत आहे. चौथ्या खोक्याला ती थांबली.

‘सोळा ऑक्टोबर,’ म्हणाली.

‘हो.’

‘पहिल्याला गोळी लागली ती पंधराला ना?’

‘हो.’

‘म्हणजे दुसऱ्याच दिवशी.’

रूबेननं दार सोडलं आणि माझ्याकडे वळला. त्याला मी तेवढं सांगितलं नव्हतं. लोर्नालाही नाही. शोधला, बर्फ पडलं, नंतर दुसरा दिसला, असं सांगत आलो सगळीकडे. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारा आठवडाभर हिंडला असेल.

मग तेही सांगितलं. सोळाला सकाळी बर्फ थांबलं होतं. आकाश स्वच्छ होतं. पलीकडच्या काठावर कावळे तेव्हाच घिरट्या घालत होते, मला या काठावरून दिसत होते. ते कशासाठी घिरट्या घालतात हे मला कळत नाही असं नाही. मी तिकडे पाठ केली आणि पूर्वेच्या कुंपणाला जाऊन बसलो. नवाच्या सुमाराला पाच फाटींचा नर आला.

धाकट्या पोरीनं ते आजीला सांगितलं. म्हातारीनं काहीतरी विचारलं. पोर म्हणाली, ‘आजी विचारते, का?’

अजून पाच खोकी उतरवायची होती, ती उतरवली.

तुलाही वर मी ‘नंतर’ असंच लिहिलंय बघ. खोडणार होतो. नाही खोडत, राहू दे.

व्हर्लिन